डाळीतली प्रथिने आणि शाळेमागची जागा



गेल्या बैठकीत शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेचा विषय निघाला. तिथे फरशी बसवून दुचाकी ठेवण्याची सोय करावी, असा प्रस्ताव आहे. अडचण खरी आहे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी जी गर्दी होते ती मी रोज पाहते. तरीही त्या बैठकीत मी मान डोलावली नाही आणि विरोधही केला नाही, कारण माझे म्हणणे दोन वाक्यांत सांगण्यासारखे नव्हते. ते इथे मांडते. विषय आधी जरा लांबचा वाटेल: डाळवर्गीय पिकांच्या दाण्यातली प्रथिने आनुवंशशास्त्राच्या मदतीने वाढवता येतात का, आणि वाढली तर ती आपल्या मुलांच्या पोटात जातात का. फिरून मी त्या जागेवरच येणार आहे.

माझे बालपण देवासजवळच्या एका गावात गेले. काळ्या मातीची जमीन पावसाळ्यात पडीक ठेवायची आणि धरलेल्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा, ही माळव्याची जुनी रीत. त्या पडीक खरिपात सोयाबीन आले. काळ्या दाण्याचे देशी सोयाबीन, ज्याला आपल्याकडे ‘काळी तूर’ म्हणत, ते आधीपासून थोडेफार होतेच. पण पिवळ्या दाण्याचे नवे वाण आले आणि दहा-पंधरा वर्षांत शिवारच बदलून गेले. मास्तरांनी सांगितले की यात चाळीस टक्के प्रथिने आहेत, म्हणून आईने उत्साहाने थोडे सोयाबीन गव्हात मिसळून दळून आणले. पहिल्याच पोळीला आजी म्हणाली, “अगं, याला कच्चट वास येतोय. गुरांना घाल हे.” आम्हा भावंडांनाही ती पोळी जाईना. प्रयोग तिथेच संपला. पीक शेतात राहिले, घरात आले नाही.

आजीचे नाक चूक नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. प्रथिनांना ‘प्रोटीन’ आणि जनुकाला ‘जीन’ म्हणत शिकले. मराठी शब्द या शाळेत शिकवता शिकवता शिकले. सोयाबीनचा तो कच्चट वास मुख्यत्वे लायपॉक्सिजिनेज नावाच्या विकरामुळे येतो. शिवाय कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन रोधक असतो. आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारे जे ट्रिप्सिन विकर असते, त्यालाच तो अडवतो. म्हणजे दाण्यात प्रथिने भरपूर, पण ती पचू न देणारा पहारेकरीही त्याच दाण्यात. म्हणून सोयाबीन नीट उकडल्याशिवाय खाऊ नये.

या दोन्ही खोडींवर ज्या संस्थेने काम केले ती आपल्याच गावात, खंडवा रोडवर आहे. सोयाबीनच्या संशोधनासाठी १९८७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने ‘एन.आर.सी. १२७’ हा वाण दिला. त्यात ट्रिप्सिन रोधकाचा कुनिट्झ नावाचा मुख्य प्रकार नाही. पुढे ‘एन.आर.सी. १४२’ आला, त्यात तो रोधकही नाही आणि वास आणणारे एक लायपॉक्सिजिनेजही नाही. हे वाण करताना बाहेरचे जनुक घातलेले नाही. ज्या सोयाबीनमध्ये तो रोधक मुळातच तयार होत नाही, त्याच्याशी संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन, डीएनए तपासून, हवी तीच रोपे ठेवली. पूर्वी रोप वाढून दाणा येईपर्यंत थांबावे लागे, मग तो दाणा दळून तपासायचा. आता रोप वीतभर असतानाच निवड होते. याला चिन्हकांच्या आधारे निवड म्हणतात.

मग याच रीतीने प्रथिनांचे प्रमाणही वाढवून टाकता येणार नाही का? इथे मामला अवघड होतो, आणि दहावी-बारावीच्या मुलांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.

तुमच्या पुस्तकात मेंडेलचा वाटाणा आहे. त्याचा शोधनिबंध १८६६ मध्ये छापला गेला. गोल दाणा प्रभावी, सुरकुतलेला अप्रभावी, हे तुम्ही पाठ करता. पण दाणा सुरकुततो कशाने? उत्तर १९९० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दिले. पिष्टमय पदार्थ तयार करणाऱ्या एका विकराच्या जनुकात डीएनएचा एक फिरता तुकडा, सुमारे आठशे अक्षरांचा, येऊन बसला होता. विकर बिघडले, पिष्ट कमी झाले, साखर वाढली, साखरेने पाणी धरले आणि दाणा वाळताना आक्रसला. असे जागा बदलणारे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात शोधले होते. त्यासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळाले.

सोयाबीनची गोष्ट याच गोष्टीची बहीण आहे. १९९२ मध्ये ब्रायन डियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शेतातले सोयाबीन आणि त्याचा रानटी भाऊबंद यांचा संकर केला. रानटी सोयाबीन म्हणजे बारीक काळ्या दाण्याचा वेल; त्यात तेल कमी, प्रथिने जास्त. प्रथिने वाढवणारे काहीतरी आज आपण ज्याला विसावे गुणसूत्र म्हणतो त्यावर आहे, एवढे त्यांना दिसले. नेमके जनुक हाती यायला पुढे तीस वर्षे लागली. २०१० मध्ये सोयाबीनचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि २०२२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ते जनुक दाखवून दिले. एका गटात डियर्स स्वतः होते. शेतातल्या सोयाबीनमध्ये त्या जनुकात ३२१ अक्षरांचा एक फिरता तुकडा घुसलेला आहे. रानटी सोयाबीनमध्ये तो नाही. हा तुकडा आला की तेल वाढते, दाणा भरतो, उत्पन्न वाढते आणि प्रथिने घटतात. म्हणजे हजारो वर्षे शेतकऱ्यांनी टपोरा दाणा निवडताना नकळत तो तुकडाच निवडला होता. आता रानटी रूप परत आणले तर प्रथिने वाढतात, पण पोते हलके होते.

असे का व्हावे? झाडाकडे साखर मोजकीच असते. एक ग्रॅम साखरेतून झाड सुमारे ०.८३ ग्रॅम पिष्ट बनवू शकते, पण प्रथिने ०.४० ग्रॅमच आणि तेल ०.३३ ग्रॅम. हरभऱ्यात आणि तुरीत पिष्टाच्या जागी प्रथिने भरायची म्हटले की त्याच साखरेत दाणा कमी होणार. त्यात प्रथिनांना नत्र लागते. डाळवर्गीय झाडाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात, पण फुकट नाही. तेही झाडाकडून साखर घेतात. दाणा भरताना सोयाबीन पानांतलाही नत्र ओढून घेते. भाद्रपद-आश्विनात शेत पिवळे पडून पाने गळतात, ते याचेच लक्षण. झाड स्वतःला रिकामे करून दाणा भरत असते. अशा झाडाकडून जास्त मागताना जपून मागावे.

आणि प्रथिनांचा आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे. मुळात हा आकडा निघतो कसा? रूढ पद्धतीत दाण्यातला नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. म्हणजे आपण मोजतो नत्र आणि म्हणतो प्रथिने. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी याच पळवाटेचा फायदा घेतला होता.

आकड्यामागे धावण्याचे दुसरे उदाहरण आपल्याच मध्य प्रदेशातले आहे. खेसारी, विदर्भात जिला लाखोळी म्हणतात, तिच्यात प्रथिने तुरीपेक्षा जास्त. दुष्काळातही तग धरणारे पीक. पण त्यात एक असे द्रव्य आहे की महिनोन्महिने मुख्यतः तीच डाळ खाणाऱ्याचे पाय कायमचे लुळे पडतात. सागर भागात हा आजार पसरल्याचे वर्णन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात केले आहे. बाधा होई ती गरिबांना, कारण दुसरे काही खायला नसे. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. नंतर संशोधकांनी ते द्रव्य अगदी कमी असलेले वाण तयार केले. आनुवंशशास्त्राचे हे काम मला प्रथिने दोन टक्क्यांनी वाढवण्यापेक्षा मोठे वाटते.

एका पालकांनी मला विचारले, “मॅडम, हे सगळे जीएम नाही ना? मुलांना प्रयोगाचे उंदीर करायचे नाही.” त्यांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका कंपनीने सोयाबीनच्या प्रथिनांचा दर्जा सुधारण्यासाठी त्यात ब्राझील नटचे जनुक घातले होते. डाळींत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते त्यातून वाढणार होते. वाढलेही. पण ज्यांना त्या नटची अ‍ॅलर्जी आहे त्यांना या सोयाबीनचीही होईल, असे तपासणीत दिसले. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. यातून दोन गोष्टी शिकाव्या: धोका असू शकतो, आणि तपासणी नीट केली तर तो आधी कळतो. पण वर सांगितलेले आपल्या इंदूरचे वाण साध्या संकरातून आलेले आहेत. भारतात जीएम सोयाबीन पेरायला आजही परवानगी नाही. बाहेरचे जनुक न घालता पिकाच्याच जनुकात केलेल्या बारीक दुरुस्त्यांना केंद्र सरकारने २०२२ मध्ये काही कडक नियमांतून सूट दिली. त्यावर वाद आहेत आणि ते व्हायला हवेत. मात्र ‘जनुक’ शब्द ऐकला की पान मिटणे, हे शाळेला शोभत नाही. जनुके तर आजीच्या काळ्या तुरीतही होतीच.

आता माझे मुख्य म्हणणे. वाढीव प्रथिनांचे वाण यावेत, त्यासाठी सरकारने पैसा घालावा, या मताची मी आहे. तूर आणि तिच्या रानटी नातेवाइकांच्या संकरातून तीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेल्या ओळी हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत फार पूर्वी तयार झाल्या. साध्या तुरीत असतात वीस-बावीस टक्के. मग ती तूर आपल्या किराणा दुकानात का नाही? एक कारण असे की मंडीत प्रथिनांना भाव नाही. तिथे दाण्यातली ओल पाहतात, कचरा पाहतात, डागी दाणा पाहतात आणि वजन करतात. शेतकऱ्याने प्रथिने वाढवून चार पोती कमी आणली तर त्याचे नुकसान त्यानेच सोसायचे का? २०२४ च्या हंगामात तर सोयाबीन हमीभावाच्याही खाली विकावे लागले. अशा शेतकऱ्याला पोषणाचे व्याख्यान देण्याचा मला तरी धीर होत नाही. दाण्यातली प्रथिने मिनिटभरात मोजणारी यंत्रे कारखान्यांत असतात. ती मंडीत आली आणि प्रथिनांप्रमाणे भावात फरक पडू लागला, तर शेतकरी आपणहून तसे बियाणे मागेल.

दुसरे कारण आपण आहोत. देशात माणशी रोजची डाळ १९५१ मध्ये सुमारे ६१ ग्रॅम होती, २००१ मध्ये ती सुमारे ३० ग्रॅमवर आली. त्यानंतर थोडी वाढली, पण जुना आकडा पुन्हा गाठलेला नाही. लोकसंख्या वाढली, जमीन गहू-तांदळाकडे गेली, हे खरे. पण ज्यांना डाळ परवडते त्यांच्या घरी काय चालले आहे? शिक्षिकांनी गेल्या सत्रात एक आठवडा सहावी ते आठवीचे डबे सहज पाहिले. बटाट्याची भाजी, जॅम-पोळी, नूडल्स, आणि इंदूरकर असल्यामुळे शेव. शेव हरभऱ्याचीच, हे मान्य. पण चिमूटभर शेवेने उसळीचे काम होत नाही. मोडाची मटकी, मुगाची उसळ, पिठले, असे डबे फारच थोडे. एका विश्वस्तांनी मला सहज सुचवले की मुलांसाठी प्रोटीन पावडर ठेवावी. त्यांचा हेतू चांगला आहे. पण ज्या गावाभोवती देशातले इतके सोयाबीन आणि हरभरा पिकतो, तिथल्या मुलांना प्रथिने डब्यातून नव्हे तर डबीतून द्यायची, हे मला पटत नाही.

मुलांनो, एक गणित करा. सरकारी शाळांच्या मध्यान्ह भोजनात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ३० ग्रॅम डाळ धरलेली आहे. डाळीत २० टक्के प्रथिने असतील तर ती झाली ६ ग्रॅम. शास्त्रज्ञांनी मोठ्या कष्टाने ते प्रमाण २५ टक्क्यांवर नेले, तर होतील साडेसात ग्रॅम. वाढ दीड ग्रॅमची. ज्या मुलाच्या ताटात डाळ मोजूनच पडते, त्याच्यासाठी हा दीड ग्रॅम मोलाचा आहे, आणि अशी मुले कोट्यवधी आहेत. म्हणून ते संशोधन हवे. पण तुमच्या डब्यात डाळच नसेल, तर ती येण्यानेच सहा ग्रॅम मिळतील. त्यासाठी तीस वर्षे थांबायला नको. आणि ती पोळी-भाताबरोबर आली तर उत्तम: डाळीत लायसिन भरपूर व मेथिओनिन कमी, धान्यात उलट. वरण-भात आणि खिचडी ही जोडी आपल्या आज्यांनी अमिनो आम्लांची नावे न ऐकताच जमवली होती.

आता ती मागची जागा. आमच्या बारावीच्या विज्ञान शाखेतून दरवर्षी मुले इंजिनीअरिंगला आणि मेडिकलला जातात, याचा अभिमान आहेच. पण कृषी महाविद्यालयात जाणारे मूल माझ्या आठवणीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. याच इंदुरात १९२४ मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर वनस्पती-संशोधनाची संस्था उभी राहिली आणि तिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. आमच्या मुलांना हे नाव ठाऊक नाही. त्यांतल्या अनेकांनी बटल्याची कचोरी खाल्ली आहे, पण बटल्याचा वेल पाहिलेला नाही. मेंडेलचे नियम पाठ, आणि वाटाण्याचे फूल अनोळखी! मला यात शिकवणाऱ्यांचाही दोष दिसतो, आणि त्यांत मी आहे.

म्हणून माझी विनंती अशी. जागेचा निम्मा भाग गाड्यांना द्यावा, निम्मा वाफ्यांना ठेवावा. खरिपात सोयाबीन, तूर, मूग. रब्बीत हरभरा आणि वाटाणा. मुले मुळे उपटून गाठी कापून पाहतील. आत गुलाबी दिसली की जिवाणू कामावर आहेत. गोल आणि सुरकुतल्या वाटाण्याच्या ओळी शेजारी-शेजारी लावतील. प्रयोगशाळेत बाययुरेट चाचणीने डाळीच्या पिठात प्रथिनांचा जांभळा रंग आणतील. खंडवा रोडच्या संस्थेला भेट देण्याची परवानगी मी मागते आहे. पालकांकडून एवढेच हवे की बुधवारचा डबा उसळीचा किंवा डाळीचा असावा. उसळ आवडत नसेल तर थालीपीठ चालेल, मुगाचे धिरडे चालेल. मी स्वतः बुधवारी मुलांबरोबर जेवायला बसेन.

पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा येणार आहे. ज्यांना पूर्ण जागा गाड्यांसाठीच हवी आहे, त्यांनीही आपले म्हणणे या पत्रिकेकडे लिहून पाठवावे. पुढच्या अंकात ते जसेच्या तसे छापू. तोवर मी घरी उकडलेल्या सोयाबीनचे पीठ घालून थालीपीठ करून पाहिले आहे. आजी असती तर वास घेऊन काय म्हणाली असती, सांगता येत नाही. मला मात्र या वेळी ते खाता आले.

आपली,
प्राचार्या